दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका

मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. मॉरिशसमधल्या शाळेत मराठी शिकवताना त्याचा अर्थ फ्रेंचमध्ये किंवा क्रिओलमध्ये सांगायची वेळ आली, की माझी पंचाईत होते. 'सहन करणे' म्हटले तर पुरत नाही. 'दुर्लक्ष करणे' म्हटले तर ते चूकच ठरते, कारण दुखणे अंगावर काढणारी बाई दुर्लक्ष करीत नसते. तिला सगळे कळत असते. घरातली कामे, मुलांची शाळा, दवाखान्याचे भाडे, नवऱ्याचा पुढला पगार असा हिशेब ती मनात घालते आणि आपले दुखणे त्या यादीत सगळ्यांच्या मागे ठेवते. हा शब्दप्रयोग पुरुषांसाठीही वापरतात, पण तो ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर बाईच उभी राहते.

या आठवड्यात हा विषय घेण्याचे कारण असे, की या पानाचे पुष्कळसे वाचक अम्गऱ्यात काम करतात. भंगाराची आवारे, लाकडाची आणि जुन्या सामानाची गोदामे, कारखाने आणि दिवसभर चालणारे ट्रक यांच्या या भागात हिंदुस्थानातले हजारो पुरुष राबतात. बाई मात्र तिथे औषधालाही सापडत नाही. कारण उघड आहे. बायकोला इकडे आणायचे तर पगाराची अट असते, आणि २०२४ साली कुवेत सरकारने कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा ती ८०० दिनारांवर नेली. तेव्हा आपल्या माणसांच्या बायका सोलापूर, धाराशिव, रत्नागिरीकडे किंवा मुंबईच्या एखाद्या वस्तीत असतात. त्यांची दुखणी इकडे फोनवरून कळतात, आणि तीही बहुधा उशिरा.

बायकांच्या कर्करोगाबद्दल एक समजूत फार घट्ट आहे. शहरात मोठी इस्पितळे असतात, म्हणून शहरातल्या बायका वाचतात आणि खेड्यातल्या मरतात. ही समजूत अर्धवट आहे. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली डॉ. राजेश दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यासाठी देशभरातल्या निवडक घरी प्रशिक्षित माणसे गेली होती. घरात कोणी वारले असेल तर आधी काय त्रास होत होता, हे त्यांनी नातेवाइकांना विचारून लिहून घेतले आणि डॉक्टरांनी त्यावरून मरणाचे कारण ठरवले. तीस ते एकोणसत्तर वर्षे वयाच्या बायकांत कर्करोगाने होणाऱ्या मरणाचे प्रमाण खेड्यात लाखामागे ९६.६ आणि शहरात ९१.२ निघाले, म्हणजे जवळजवळ सारखेच. फरक निघाला तो शाळेचा. निरक्षर बायकांत हे प्रमाण लाखामागे १०६.६ होते आणि सर्वांत जास्त शिकलेल्यांत ४३.४. शिक्षिका म्हणून हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. गाव आणि शहर यांच्यामध्ये आपण जी भिंत समजतो, ती खरे तर प्रत्येक शहराच्या आत उभी आहे.

मुंबईचेच पाहा. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. देशात लोकवस्तीनिहाय अशी नोंद ठेवणारी ती पहिलीच. म्हणजे कर्करोगाचे सर्वांत जुने मोठे इस्पितळ आणि सर्वांत जुनी नोंदवही दोन्ही याच शहरात आहेत. त्याच शहरात गोवंडी, मानखुर्द, देवनार यांचा एम-पूर्व विभाग आहे. कचऱ्याच्या डोंगराशेजारी लोक राहतात तो हा भाग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तो सर्व विभागांत तळाला होता. देवनारहून परळ लोकलने फार दूर नाही. पण तिकिटाच्या अंतरापेक्षा दुसरे एक अंतर मोठे असते. एक दिवसाचा रोज बुडतो, धाकट्याला शेजारणीकडे ठेवावे लागते, आणि एवढे करून खिडकीवर 'उद्या या' म्हणतील ही भीती असते.

हे अंतर किती जणींचा जीव घेते, हे मुंबईतच मोजले गेले. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली टाटा रुग्णालयातर्फे मुंबईतल्या गरीब वस्त्यांत एक मोठे काम हाती घेतले. वीस वस्त्या, पस्तीस ते चौसष्ट वयाच्या १,५१,५३८ बायका. दहा वस्त्यांतल्या ७५,३६० बायकांना दर दोन वर्षांनी असे चार वेळा तपासले. उरलेल्या दहा वस्त्यांतल्या ७६,१७८ बायकांना सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली.

तपासणी कशाची होती? गर्भाशयाच्या मुखाची. त्यासाठी यंत्र नको, प्रयोगशाळा नको, वीजही फारशी नको. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या लोणच्यातल्या व्हिनेगरचाच प्रकार, कापसाने गर्भाशयमुखाला लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेला भाग असेल तर तो पांढरा दिसू लागतो. हे काम डॉक्टरांनी केले नाही, तर प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्यसेविकांनी केले. ज्यांच्यात पांढरा डाग दिसला, त्यांना पुढल्या तपासासाठी पाठवले.

बारा वर्षांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडच्या वस्त्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, एकीकडे लाखामागे २६.७ आणि दुसरीकडे २७.५. पण त्याने होणारे मरण तपासणी झालेल्या वस्त्यांत ३१ टक्क्यांनी कमी होते. एकच रोग, एकच शहर, सारखीच गरिबी, आणि मरणात एवढा फरक. रोग वेळेवर दिसला आणि पुढचे उपचार पूर्ण झाले, एवढाच काय तो फरक. उपचाराचा आकडा मला मरणाच्या आकड्याइतकाच बोलका वाटतो. कर्करोग निघालेल्यांपैकी उपचार घेणाऱ्या बायका एका बाजूला ८६ टक्के होत्या, तर दुसऱ्या बाजूला ७२ टक्के. म्हणजे आरोग्यसेविका दारात आली, दोन वर्षांनी पुन्हा आली, तिची ओळख झाली, की बाई इस्पितळापर्यंत जातेही आणि तिथे टिकतेही.

यावर वादही झाला, आणि तो वाचकांपासून लपवून ठेवणे बरोबर नाही. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतले दिंडिगल या तीन ठिकाणी असे प्रयोग झाले. तिन्हींत मिळून तपासणीविना ठेवलेल्या गटांत १,३८,६२४ बायका होत्या, आणि त्यांतल्या किमान २५४ जणी याच रोगाने दगावल्या, असा हिशेब अमेरिकेतले डॉ. एरिक सूबा यांनी २०१४ साली मांडला. तपासणीने जीव वाचतो हे जगाला आधीच ठाऊक असताना या बायकांना तुलनेसाठी बाजूला का ठेवले, हा त्यांचा प्रश्न. प्रयोग करणाऱ्यांचे उत्तर असे, की त्या काळी हिंदुस्थानात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, त्या बायकांकडून काही काढून घेतले नाही, आणि स्वस्त उपाय चालतो हे सिद्ध झाल्याशिवाय सरकारे हलत नाहीत. दोन्ही बाजू वाचल्यावर मला सूबांचा प्रश्न जास्त वजनाचा वाटतो. मलबार हिलवरच्या बायकांना कोणी अशा चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले असते का? पण प्रयोग झाला नसता तर व्हिनेगरच्या त्या बोळ्याची किंमत कोणी ओळखली असती, हेही मला सांगता येत नाही.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे येऊ, कारण त्याची तऱ्हा निराळी आहे. व्हेरोना या इटालियन शहरातल्या १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी घेऊन रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने १८४२ साली एक गोष्ट दाखवली. मठातल्या जोगिणींत गर्भाशयाचा कर्करोग अगदी कमी होता आणि स्तनाचा जास्त. संसारी बायकांत उलटे. दीडशे वर्षांनंतर त्याचा उलगडा होत गेला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो आणि तो शरीरसंबंधातून येतो. हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझन यांना २००८ साली नोबेल मिळाले. स्तनाच्या कर्करोगाला मात्र उशिरा किंवा मुळीच मूल न होणे, अंगावर कमी पाजणे ही कारणे हातभार लावतात. मुंबईच्या नोंदवहीतही हेच चित्र दिसले. शिकलेल्या, उशिरा लग्न करणाऱ्या पारशी समाजातल्या बायकांत स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी. गेल्या काही दशकांत सगळ्या मुंबईचीच वाटचाल त्या दिशेने झाली. गर्भाशयमुखाचा रोग ओसरत गेला आणि स्तनाचा वर चढला.

म्हणजे हा 'श्रीमंतांचा रोग' झाला का? होण्याच्या बाबतीत काहीसा तसा. मरण्याच्या बाबतीत नाही. शिकलेल्या बाईला गाठ हाताला लागते तेव्हा ती सुपारीएवढी असते. वस्तीतली बाई इस्पितळात पोचते तेव्हा पुष्कळदा जखम झालेली असते. मुंबईच्या त्याच वीस वस्त्यांत आरोग्यसेविकांनी हाताने स्तनांची तपासणीही केली होती आणि तिचा वीस वर्षांचा हिशेब डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने २०२१ साली दिला. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणारे रोगी ३७ टक्के होते, दुसरीकडे ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत मरणाचे प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा मिळून फरक मात्र पंधरा टक्केच, आणि तो निव्वळ योगायोगही असू शकतो, असे त्यांनीच प्रांजळपणे लिहिले आहे. मॅमोग्राफीची महागडी यंत्रे नसली तरी शिकलेल्या हाताची दोन बोटे काही काम करतात, एवढे यावरून कळते.

अमेरिकेतल्या शिकागो शहराची हकीकत या संदर्भात मोठी शिकवून जाते. १९८० च्या सुमारास तिथे गोऱ्या आणि काळ्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण सारखेच होते. पुढे मॅमोग्राफी आली, नवी औषधे आली, गोऱ्या बायकांची मरणे झपाट्याने घटली आणि काळ्या बायकांची जवळजवळ होती तिथेच राहिली. शतक पालटले तेव्हा मोठी दरी पडलेली होती. म्हणजे विद्या सुधारली म्हणून विषमता आपोआप कमी होत नाही. उलट, विद्या आधी कुणाच्या दारी जाते यावर ती वाढतेसुद्धा.

तिसरा रोग तोंडाचा. बायकांच्या संदर्भात त्याचे नाव घेतले की लोक चमकतात, पण महाराष्ट्रात मिश्री कोणी बघितली नाही? डॉ. प्रकाश गुप्ता यांनी नव्वदच्या दशकात मुंबईतल्या ९९,५९८ माणसांची तंबाखूची पाहणी केली. त्या काळात त्यांनी हातातले छोटे संगणक घेऊन माणसे घरोघर पाठवली, याचे मला आजही कौतुक वाटते. त्या पाहणीत ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि ती बहुतेक सगळी धुराविना, म्हणजे मिश्री नाहीतर पान-तंबाखू. दात घासायला म्हणून सुरू होते, भूक मारायला म्हणून राहते. सकाळी, दुपारी, कामावरून आल्यावर. इकडून गावी जाणाऱ्या भावांनी घरातल्या बायकांच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारे फोड आहेत का, हे एकदा विचारावे.

आता गावाकडे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. तिथे एक साधी गोष्ट घडली. नोंद घेण्यासाठी माणसे गावोगाव फिरत, पारावर बसत, बायकांशी बोलत, लक्षणे सांगत. त्या बोलण्यानेच काही वर्षांत बायका लवकरच्या टप्प्यात इस्पितळात येऊ लागल्या. यंत्र नाही, औषध नाही, नुसते बोलणे! डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९५ साली लिहून ठेवले. पुढे त्याच बार्शीहून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला. १,३१,७४६ बायका, बावन्न गावगट. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदाच केली. आठ वर्षांनी त्या गटात या रोगाने ३४ बायका वारल्या होत्या आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. गटांचा आकार साधारण सारखाच होता. एकदाच केलेल्या चाचणीने मरण निम्म्यावर आले.

इतके सगळे महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध झाले, आणि तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या फक्त १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

तपासणी नाही, पण भीती मात्र आहे, आणि भीतीचाही बाजार होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असे सांगितले जाई, अशा तक्रारी पुढे आल्या. मुकादमाला खाडा नको, बाईला दंड नको, डॉक्टरला पैसे हवेत. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. पुष्कळदा ते साध्या गोळ्यांनी बरे होते. वाईट वासाचे किंवा लालसर पाणी जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे ही लक्षणे मात्र दाखवायलाच हवीत. पिशवी काढायचा सल्ला कोणी दिला तर तपासणीचा कागद मागावा आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारावे.

कुवेतमध्येही ही भिंत आहेच. सरकारने २०१४ साली मॅमोग्राफीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो कुवेती बायकांसाठी. १ ऑक्टोबर २०१७ पासून परदेशी रहिवाशांना सरकारी इस्पितळातली फी वाढली. साल्मियात राहणाऱ्या, नवऱ्याच्या कंपनीचा विमा असलेल्या आपल्या भगिनी खासगी दवाखान्यात तपासून घेऊ शकतात. घरकामाला आलेल्या बाईला सुटीच्या दिवशीही बाहेर पडायला परवानगी लागते. एकाच इमारतीत वर राहणारी आणि खाली भांडी घासणारी, दोघींच्या हाताला गाठ एकाच महिन्यात लागली, तर दोघींचे पुढचे वर्ष सारखे जाईल का? मंडळाच्या हळदीकुंकवाला वाणात प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी एखाद्या वर्षी डॉक्टरीणबाईंना बोलवावे, आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही बोलवावे, असे मी सुचवते.

पुरुष वाचकांना एक अवघड गोष्टही सांगायला हवी. एचपीव्ही हा विषाणू बाई कितीही एकनिष्ठ असली तरी नवऱ्याकडून येऊ शकतो. यात कुणाकडे बोट दाखवायचे कारण नाही. हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि आपोआप जातोही. काही जणींतच तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. पण बायकोला हा रोग निघाला म्हणून तिच्या चारित्र्यावर कोणी बोलू लागला, तर त्याला गप्प करण्याइतकी माहिती घरच्या पुरुषाला हवी.

मुलींसाठी लस आहे. आमच्या मॉरिशसमध्ये २०१६ पासून ती प्राथमिक शाळेतल्या मुलींना शाळेतच दिली जाते. पालकांची सही घ्यायचे काम आम्हा शिक्षकांकडे येते. आया आधी घाबरतात, मग एकीने सही केली की बाकीच्या करतात. हिंदुस्थानात पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेली देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा वर्षे हे त्यासाठी सर्वांत चांगले वय. सुटीवर जाताना मुलीसाठी सोन्याचे कानातले नेता, तेव्हा लसीसाठीही थोडे पैसे बाजूला काढता येतील.

खर्चाची भीती सर्वांना असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. तिच्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड दोन्ही हवीत, आणि दोन्हींवरचे नाव जुळायला हवे. लग्नानंतर बदललेले नाव एकावर आणि माहेरचे दुसऱ्यावर, यात बायकांचे आठवडे जातात. हे काम रोग निघायच्या आधी करून ठेवावे. परळला जायची वेळ आलीच, तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना राहायला जागा देते. तिथे जागा मिळत नाही तेव्हा माणसे टाटाच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकतात. रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन धर्मशाळेत लवकर पोचणे बरे.

आणि पहिली पायरी परळची नाहीच. केंद्र सरकारने २०१६ साली ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रात व्हायची आहे. गावातली आशाताई त्याचा फॉर्म भरते. या शुक्रवारी घरी फोन लावाल तेव्हा पैसे पोचले का, पाऊस पडला का हे विचारून झाल्यावर आशाताई कधी येऊन गेल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा वार कोणता, तेही विचारा. घरची म्हणेल, 'मला काही झाले नाही.' त्यावर फोन ठेवू नका. वार कोणता ते पुन्हा विचारा, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार, त्या व्यक्तीला फोनवर बोलवा.